पॉइंट थ्री-टूवर पॉइंट टू-टूचं किट: नाशिकच्या नवख्या नेमबाजांसाठी

वडिलांचं पॉइंट थ्री-टू (.३२) बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) पिस्तूल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आलं आणि त्यानंतर मी पहिल्यांदा रेंजवर गेलो. चार रविवारांत दोन गोष्टी कळल्या. नेमबाजी मला मनापासून आवडते, ही पहिली. दुसरी अशी, की थ्री-टूच्या गोळ्यांवर हात बसवायचा म्हटलं तर पगार पुरणार नाही, आणि परवान्यावर लिहिलेला गोळ्यांचा कोटा तर त्याच्याही आधी संपेल. शेजारच्या लेनमध्ये कॉलेजातली एक मुलगी पॉइंट टू-टूच्या पिस्तुलावर एका सकाळीत शंभर गोळ्या झाडत होती. मी माझ्या दहा गोळ्या पुरवून पुरवून वापरत होतो.

तेव्हा कोणीतरी म्हणालं, "किट बसवून घ्या ना." हा शब्द ऐकल्यापासून खरं उत्तर सापडेपर्यंत माझे आठ महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. परवाना असलेल्या, किंवा क्लबचे सदस्य होऊन स्पर्धेच्या नेमबाजीकडे वळलेल्या माणसासाठी हे आहे.

१. किट म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घ्या

थ्री-टूचं काडतूस सेंटर फायर असतं. त्याच्या बुडाच्या मधोमध प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवलेला असतो आणि फायरिंग पिन तिथेच आदळते. टू-टू मात्र रिमफायर. तिथे पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेला असतो, त्यामुळे पिन मध्यावर आदळून काही होत नाही, ती कडेवरच आदळावी लागते. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालापासून चालत आलं आहे. त्यात साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम शिसं असतं. धक्का अगदी कमी आणि किंमत थ्री-टूच्या मानाने खूप खाली.

कन्व्हर्जन किटमध्ये पिस्तुलाचा वरचा भाग बदलतो: नळी, स्लाइड (गोळी सुटली की मागे जाणारा वरचा भाग) किंवा बोल्ट, परतीची स्प्रिंग आणि मॅगझिन (गोळ्या भरायचा खण). खालची फ्रेम, मूठ आणि ट्रिगर तेच राहतात. स्लाइडही बदलावी लागते, कारण टू-टूच्या गोळीत इतकी कमी ताकद असते की सेंटर फायरची जड पोलादी स्लाइड ती मागे ढकलूच शकत नाही. म्हणून किटची स्लाइड हलकी, बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते आणि स्प्रिंग मऊ असते. नुसती नळी बदलून काम होईल, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

किटचा खरा फायदा फक्त पैशाचा नाही. तीच मूठ, तोच ट्रिगर, बोटाची तीच जागा, आणि तेवढ्यावर शेकडो गोळ्यांचा सराव. हा फायदा मिळत नसेल तर किट घेण्यात अर्थ नाही, सरळ वेगळं टू-टू पिस्तूल बरं. पुढची प्रत्येक पायरी या एकाच कसोटीवर तपासून पाहा.

२. तुमच्या पिस्तुलाला किट आहे का?

माझे आठ महिने इथेच गेले. इंटरनेटवर किट शोधली की ढिगाने सापडतात: सीझेड ७५ साठी कॅडेट नावाचं, ग्लॉकसाठी, सिगसाठी, १९११ साठी. व्हिडिओ बघून माणूस हरखून जातो. पण ही बहुतेक किट ९ मिमी किंवा पॉइंट फोर-फाइव्हच्या पिस्तुलांसाठी बनलेली असतात. आपल्याकडे ९ मिमी हा सैन्याचा बोअर, त्यामुळे प्रतिबंधित. सर्वसामान्य परवान्यावर ते पिस्तूलच मिळत नाही, मग त्याच्या किटचा प्रश्न येतोच कुठे?

आपल्या परवान्यांवर सापडतं ते आयुध निर्माणीचं थ्री-टू 'अशनी', नाहीतर थ्री-टूचं रिव्हॉल्व्हर, नाहीतर वडील-आजोबांच्या काळातलं एखादं जुनं विलायती पिस्तूल. ही शस्त्रं स्वसंरक्षणासाठी घेतलेली असतात, त्यांच्यासाठी बाजारात सहसा किट मिळत नाही. माझ्या पिस्तुलासाठीही नव्हतं. एका विक्रेत्याने मला "मागवून देतो" म्हणत तीन महिने टांगून ठेवलं आणि शेवटी फोन उचलणं बंद केलं. आगाऊ पैसे दिले नव्हते, एवढंच काय ते समाधान.

किट खऱ्या अर्थाने जिथे कामाचं आहे ती जागा म्हणजे स्पर्धेची टार्गेट पिस्तुलं. वॉल्थर जीएसपी हे जुनं, खात्रीचं नाव. त्यात मॅगझिन ट्रिगरच्या पुढे बसतं, आणि त्याच मुठीवर, त्याच बांधणीत टू-टूचा किंवा थ्री-टू स्मिथ अँड वेसन लाँगचा वरचा भाग चढवता येतो. पार्डिनी आणि हॅमर्ली या कंपन्यांनीही अशाच जोड्या काढल्या. जुन्या क्लबांच्या तिजोरीत अशी जोडी असण्याची शक्यता चांगली असते. मी स्वतः थ्री-टू आणि टू-टू एकाच मुठीवर पहिल्यांदा झाडलं ते क्लबच्या जीएसपीवरच, आणि किट म्हणजे काय हे त्या दिवशी हाताला कळलं.

एक गल्लत इथे हमखास होते. थ्री-टू स्मिथ अँड वेसन लाँग आणि तुमच्या अशनीत जाणारं थ्री-टू ऑटो ही दोन वेगळी काडतुसं आहेत. स्पर्धेत वापरतात ते लाँग वॅडकटर असतं. त्याचं शिसं पुढून सपाट असतं, म्हणजे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं. नुसतं "थ्री-टू" म्हणून काही मागवू नका, पूर्ण नाव घ्या.

तेव्हा या पायरीला तुम्ही तीनपैकी एका गटात असाल. घरी स्वसंरक्षणाचं थ्री-टू असेल तर किटचा विचार सोडा आणि थेट नवव्या पायरीकडे जा. क्लबच्या टार्गेट पिस्तुलावर शिकत असाल तर क्लबकडे किट आहे का, हे विचारा. स्वतःचं टार्गेट पिस्तूल घेण्याच्या टप्प्यावर आला असाल तर पुढचं सगळं नीट वाचा.

३. वस्तूच्या आधी कागद

नवखा माणूस किटला ॲक्सेसरी समजतो, मोबाइलच्या कव्हरसारखी. कायदा तसं समजत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मधल्या 'फायर-आर्म'च्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही येतात. म्हणजे परवान्यावर नोंद नसलेली एक नळी कपाटात सापडली, तर ती विनापरवाना शस्त्रच. याच कायद्याचं कलम ६ नळी छोटी करण्याबद्दल आणि एका प्रकारचं शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलण्याबद्दल आहे. परवान्याशिवाय दोन्ही गोष्टींना मनाई आहे.

त्यामुळे किट पसंत करण्याआधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून विचारा: अमुक पिस्तूल, अमुक क्रमांक, त्याला अमुक बोअरचा जास्तीचा भाग घ्यायचा आहे, नोंद कशी होईल? उत्तरही लेखीच घ्या. काउंटरवरचा कारकून तोंडी "चालतंय" म्हणाला तर ते पुढे कोणी मानणार नाही.

नाशिककरांचा नेहमीचा गोंधळ म्हणजे जायचं कुठे. राहण्याचा पत्ता पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असेल, म्हणजे पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प वगैरे, तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे. पत्ता सिन्नर, निफाड, दिंडोरी, इगतपुरी अशा ग्रामीण भागातला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे सीबीएसजवळच्या कचेरीत. माझा एक सहकारी ओझरला राहतो, कामाला अंबडला येतो. त्याने कामाच्या ठिकाणावरून अंदाज बांधला आणि चुकीच्या दारात दोन फेऱ्या घातल्या. पत्ता पुराव्यावर जो आहे तोच धरायचा.

जवळ ठेवायचे कागद:

- मूळ परवाना, आणि त्यावरचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर
- पिस्तुलाच्या खरेदीची पावती किंवा वारसा नोंदीचा आदेश
- रायफल क्लबचं सदस्यत्व आणि नियमित सराव करत असल्याचं पत्र
- स्पर्धांची प्रमाणपत्रं, असतील तेवढी सगळी, जिल्हास्तरापासून
- किटचा मेक, मॉडेल, बोअर आणि अनुक्रमांक लिहिलेलं विक्रेत्याचं पत्र
- विक्रेत्याच्या परवान्याची प्रत
- आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो

२०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे. स्पर्धक नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत, पण त्या पात्रतेनुसार मिळतात, नुसतं सदस्यत्व पुरत नाही. परदेशातून शस्त्र मागवण्याची वाटही नामांकित नेमबाज ठरलेल्यांना आणि क्लबांना, क्रीडा मंत्रालयाच्या शिफारशीने खुली होते. बाकीच्यांनी देशातल्या परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा दुसऱ्या परवानाधारक नेमबाजाकडून, रीतसर परवानगीने घ्यायचं. जुनी टार्गेट पिस्तुलं अशीच हातोहात पुढे जातात, आणि त्यात वाईट काही नाही.

आता आपल्या गावात सहज घडू शकणारी चूक. सातपूर-अंबडला गल्लोगल्ली उत्तम टर्नर आहेत. मी स्वतः एका कंपनीत क्वालिटीला आहे, हाताखाली मापाची सगळी साधनं आहेत. माझ्या एका मित्राने आपुलकीने विचारलं, "ड्रॉइंग दे, नळी टर्न करून देतो." मी नको म्हटलं. तुम्हीही म्हणा. विनापरवाना शस्त्र किंवा त्याचा भाग बनवण्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि ती करून देणाऱ्या मित्रालाही लागू होते. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, बंदुकीच्या नळीचं पोलाद, तिची उष्णप्रक्रिया आणि चेंबरचं (नळीत काडतूस बसतं त्या जागेचं) माप हे काम लेथवर अंदाजाने होत नाही. फुटली तर तोंडापासून दोन फुटांवर फुटते.

४. जुळणी: नाव एक असलं तरी पिढ्या वेगळ्या

पिस्तुलाचं नाव तेच असतं, पण कंपनी मधेच फ्रेम बदलते. ग्लॉकमध्ये पिढी बदलली की किट बदलू शकतं. सीझेडच्या कॅडेटला काही फ्रेमवर हाताने थोडी घासणी लागते. टार्गेट पिस्तुलांतही जुन्या-नव्या मालिका एकमेकांना चढतीलच असं नाही. म्हणून पिस्तुलाचा अनुक्रमांक सांगून विचारा, नुसतं मॉडेल सांगून नाही. आणि शक्य असेल तर दोन्ही वस्तू एकाच टेबलावर आल्याशिवाय पैसे देऊ नका.

टेबलावर काय बघायचं? दोन्ही शस्त्रं रिकामी असल्याची खात्री, डोळ्याने आणि करंगळीने, ही पहिली गोष्ट. मग किट चढवा. ते हाताच्या जोराने, पण न ठोकता बसलं पाहिजे. बसल्यावर नळीचं टोक बोटांनी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. खुळखुळत असेल तर गोळ्या कागदावर पसरणार. स्लाइड पूर्ण मागे ओढून हळू सोडा: कुठे अडखळते का? सेफ्टी लावून ट्रिगर दाबा: हॅमर पडता कामा नये. हे सगळं पाच वेळा. एकदा बरोबर झालं म्हणजे झालं, असं मानू नका. आमच्याकडे पार्ट तपासतानाही एका रीडिंगवर सही करत नाहीत.

५. नळी, वजन, साइट

थ्री-टू ऑटोसारखी कमी ताकदीची काडतुसं सोडली तर बऱ्याच मोठ्या सेंटर फायर पिस्तुलांत गोळी सुटताना नळीचा मागचा भाग थोडा खाली झुकतो आणि पुन्हा वर येतो. किटमध्ये नळी बहुधा फ्रेमला धरून स्थिर असते. त्यामुळे चांगलं किट मूळ पिस्तुलापेक्षाही एका जागी मारतं. हे अनुभवलं की आनंद होतो, पण त्याचं श्रेय आपल्या हाताला देऊ नका.

वजनाकडे मात्र नवखे लक्षच देत नाहीत. हलकी स्लाइड म्हणजे पिस्तुलाचं नाक हलकं. सावकाश नेम धरताना हे जाणवत नाही. जाणवतं ते २५ मीटरच्या रॅपिड टप्प्यात, जिथे हात ४५ अंशांवर खाली असतो आणि टार्गेट फक्त ३ सेकंद समोर येतं. हलकं नाक भसकन वर जातं आणि टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या वर थांबतं. मूळ पिस्तुलाचं नाक जड, ते वेळेवर थांबतं. म्हणजे तुम्ही एका वजनावर सवय लावता आणि दुसऱ्यावर स्पर्धा खेळता. म्हणून किट आणि मूळ भाग दोन्ही रिकामे असताना वजनकाट्यावर ठेवा, आणि पिस्तूल बोटावर तोलून समतोल कुठे येतो तेही बघा. टार्गेट पिस्तुलांच्या किटमध्ये हा फरक कमी ठेवलेला असतो आणि पुढे वजनं लावायची सोय असते. माझ्या मते नुसत्या या एका कारणासाठीही टार्गेट पिस्तुलाचं किट निवडावं.

साइट, म्हणजे नेम धरायची खाच-खूण, उभी-आडवी दोन्हीकडे सरकणारी हवी. टू-टू आणि थ्री-टूचा मार कधीच एका जागी पडत नाही. किटची स्वतःची साइट असली की प्रत्येकीचं झिरोइंग (मार नेमावर पडेल अशी साइट लावणं) वेगळं राहतं, बदलताना क्लिक मोजत बसावं लागत नाही.

६. मॅगझिन

टू-टूच्या काडतुसाला बुडाला कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की गोळी नळीत जातच नाही. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहील असं नीट बसवा. अडकण्याच्या दहापैकी सात तक्रारी मॅगझिनच्या असतात, असं आमचे क्लबातले सर सांगतात, आणि माझाही अनुभव तोच. किमान दोन मॅगझिन घ्या, त्यांवर रंगाने १ आणि २ लिहा, आणि गोळी अडकली की कोणत्या मॅगझिनमधून, ते वहीत टिपा. महिन्याभरात दोषी कोण ते कळतं.

शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे थांबते का, हेही विचारा. बऱ्याच किटमध्ये थांबत नाही. मग पिस्तूल रिकामं झालं हे दिसत नाही, आणि धोका तिथेच असतो. अशा किटला प्रत्येक मालिकेनंतर मॅगझिन काढून, स्लाइड ओढून, चेंबर डोळ्याने बघून सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामा असल्याचं दाखवणारी रंगीत पट्टी) घालायचा. चुकायचं नाही.

७. गोळ्या

सगळ्या टू-टू गोळ्या सारख्या नसतात. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने जाते, हाय व्हेलॉसिटीची ३८० च्या आसपास. टार्गेट पिस्तुलांना स्टँडर्डच मानवते, जास्त जोराच्या गोळीने बोल्ट आपटून झिजतो. सर्व्हिस, म्हणजे सैन्य-पोलिसांच्या धर्तीच्या पिस्तुलांच्या किटला उलट हाय व्हेलॉसिटी लागते, स्टँडर्डवर स्लाइड अर्धीच मागे जाते. किटच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय ते वाचा, आणि ती गोळी तुम्हाला वर्षभर मिळणार आहे का ते क्लबला विचारा. जी गोळी आपल्याकडे मिळतच नाही, ती मागणारं किट घेऊन उपयोग नाही.

परवान्यावर गोळ्यांचा बोअर आणि कोटा लिहिलेला असतो. थ्री-टूची नोंद आहे म्हणून टू-टूच्या गोळ्या मिळत नाहीत, बोअरची नोंद वेगळी करून घ्यावी लागते. किटचा अर्ज करतानाच ही मागणीही त्यात लिहा, नाहीतर हातात किट आणि गोळ्या नाहीत अशी अवस्था होते.

टू-टूच्या गोळीवर मेणाचा थर असतो. निफाडकडची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको: डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या सरावाला हे मेण घट्ट होतं, चेंबर चिकट होतो आणि गोळ्या अडकतात. डबा रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आणि दोन बोअरच्या गोळ्या कधीही एका डब्यात नाहीत, एका खिशात नाहीत, एकाच वेळी एका टेबलावरही नाहीत.

८. स्पर्धेत चालेल का?

इथे थोडक्यात, पण आकडे नीट बघा. २५ मीटरच्या स्पोर्ट पिस्तूल प्रकारात बोअर टू-टू लाँग रायफल, नळी जास्तीत जास्त १५३ मिमी, पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर २२० मिमीपर्यंत, वजन १४०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा, आणि सगळं पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या खोक्यात बसलं पाहिजे. सेंटर फायर प्रकारात बोअर ७.६२ ते ९.६५ मिमी चालतो, बाकी मापं जवळपास तीच. ट्रिगर तपासताना नळी सरळ वर धरून १००० ग्रॅमचं वजन उचलतात, हॅमर पडला की बाद. किट बदलल्यावर ट्रिगरचं वजन थोडं बदलू शकतं, म्हणून दोन्ही जोडण्या करून तपासा.

सेंटर फायरमध्ये ३० गोळ्या सावकाश टप्प्यात आणि ३० गोळ्या ३ सेकंदांच्या टप्प्यात. याच प्रकारात भारताचे नेमबाज जसपाल राणांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण करून तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. महिलांचा २५ मीटर प्रकार टू-टूचा असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ ला इंडोनेशियातल्या पालेम्बांगला त्यात सुवर्ण जिंकलं, आशियाई स्पर्धेतलं भारतीय महिला नेमबाजाचं पहिलं सुवर्ण. मुली आणि महिलांनी सेंटर फायरची वाट धरायची गरजच नाही, सरळ टू-टूचं पिस्तूल बघा. किटचा हा सगळा खटाटोप मुख्यतः टू-टू आणि सेंटर फायर दोन्ही प्रकार खेळणाऱ्या पुरुषांसाठी.

९. किट नको असेल, किंवा मिळतच नसेल तर

मी शेवटी हेच केलं. घरी ४.५ मिमीचं एअर पिस्तूल, आणि रेंजवर क्लबचं टू-टू. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर शस्त्राला परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र लागतं. स्पर्धेचं एअर पिस्तूल या मर्यादेच्या खूप आत असतं. ट्रिगर ५०० ग्रॅमचा, त्यामुळे बोटाची शिस्त इथेच लागते. घराच्या लांब पॅसेजमध्ये रिकामं ड्राय फायरिंग रोज अर्धा तास केलं, त्याने माझा थ्री-टूचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, जितका आवळला तितका आणखी कशानेच नाही. ड्राय फायरिंग टू-टूवर मात्र विचारल्याशिवाय करू नका: चेंबर रिकामा असताना पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते.

नाशिकमध्ये नेमबाजीला चांगली परंपरा आहे. निवृत्त पोलीस अधिकारी आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम इथलेच. ते २०१७ साली गेले, पण श्वासाकडे आणि मनाच्या स्थिरतेकडे लक्ष द्यायची त्यांची शिकवण आमच्या रेंजवर अजून ऐकू येते. तुम्ही कुठल्याही क्लबात गेलात तरी पहिले सहा महिने शस्त्र विकत घेऊ नका. क्लबची दोन-तीन पिस्तुलं हाताळा. मूठ कोणती भरते, हे त्यानंतरच कळतं.

१०. घेतल्यावर पहिला दिवस आणि घरातली निगा

नोंद झालेला परवाना सोबत, पिस्तूल रिकामं आणि बंद केसमध्ये, गोळ्या वेगळ्या डब्यात, घरून थेट रेंजवर. वाटेत कॉलेज रोडला मित्र भेटला म्हणून चहाला थांबू नका.

रेंजवर पहिल्या मालिकेत एकच गोळी भरा. मग दोन. मग पाच. पाचच्या पुढे भरायची गरजच नाही, स्पर्धेतली मालिका पाचाचीच असते. ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, मग मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढा. न सुटलेल्या काडतुसाच्या कडेवर पिनची खूण बघा. खूण उथळ असेल तर दोष किटचा, खोल असेल तर काडतुसाचा.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जाणवलाच नाही, कागदावर भोक दिसलं नाही, तर लगेच थांबा. शिसं नळीत अडकलेलं असू शकतं, आणि त्यामागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. रेंज ऑफिसरला हात करून बोलवा, स्वतः सळई घालू नका. माझ्या तिसऱ्याच रविवारी हे घडलं होतं. शेजारच्या काकांनी "थांब!" असं ओरडून मला अडवलं, म्हणून मी आज हे लिहितो आहे.

सरावाचा शेवट नेहमी थ्री-टूने करा, दहाच गोळ्यांनी का होईना. टू-टूवर धक्का नसल्याने मनगटाचे दोष लपतात. आठवडाभर नुसतं किट वापरून मूळ पिस्तुलाकडे आलात की आवाजाच्या आधीच डोळे मिटायला लागतात. क्लबच्या टू-टूवर शंभर गोळ्या आणि माझ्या थ्री-टूवर दहा, हा हिशेब मला जमला.

जून ते सप्टेंबर नाशिकची हवा पिस्तुलाला वाईट. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. पातळ तेलाचा हात, कापडी आवरण, सिलिका जेलच्या पुड्या, आणि कुलूपबंद कपाट. न वापरलेला भाग, मग ते किट असो वा मूळ स्लाइड, तोही त्याच कुलपात, कारण कायद्याने तोही शस्त्रच आहे. टू-टूची नळी दर वेळी घासायची गरज नाही, पण चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याची) खाच प्रत्येक सरावानंतर साफ करा. मेण आणि शिशाचा काळा थर तिथेच साठतो.

निवडणूक लागली की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. स्पर्धा खेळत असाल तर क्लबचं पत्र आणि स्पर्धेचं वेळापत्रक जोडून सुटीचा अर्ज आचारसंहिता लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात द्या. जमाच करावं लागलं तर पिस्तूल आणि किट दोन्ही द्या, आणि पावतीवर दोन्हींचे अनुक्रमांक वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. मी गेल्या वेळी पावती वाचल्याशिवाय खिशात घातली. एक मॅगझिन परत मिळवायला मला त्याच ठाण्यात चार वेळा जावं लागलं.